रद्दीचं स्पूल

"बसा वहिनी, कुठंही बसा," दाणी भाऊजी म्हणाले आणि मी नेमकी नको त्या जागी बसले.

खोलीभर सतरंजी होती. फक्त भिंतीशी, लोखंडी ट्रंकेच्या शेजारी, एक चपटी गादी घातलेली. गुडघ्यांचा विचार करून मी गादी धरली. समोर लतीफ मास्तर बसले होते, तबल्याचे क्लास घेणारे. त्यांनी काही बोलायला तोंड उघडलं आणि मिटून घेतलं. टेकायला म्हणून वळले, तर चुन्याच्या भिंतीवर तेलाचा गोल डाग. माझ्या डोक्यापेक्षा चार बोटं वर. तेवढ्या उंचीवर टेकणारं डोकं मला चांगलं माहीत होतं. सव्वीस वर्षं त्या डोक्याखालच्या उशीचे अभ्रे मीच धुतले होते.

उठावंसं वाटलं. पण उठले असते तर रडू आलं असतं आणि त्या दोघा पुरुषांसमोर मला रडायचं नव्हतं. म्हणून बसून राहिले.

हे चौऱ्याण्णव सालच्या मे महिन्यातलं, भुसावळचं. आमचे हे जाऊन सव्वा वर्ष झालं होतं. लोको शेडच्या दारात सायकलवरून उतरताना पडले आणि तिथंच गेले. माणूस जातो, त्याला इलाज नाही, मीही रीतसर सावरले होते. शेजारणी म्हणायच्या, कुमुदताई खंबीर आहेत हो. मग एप्रिलात वैजूचा नाशिकहून फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झालं आणि पोरगी एकदम म्हणाली, "आई, बाबांचा आवाज आठवतो का गं तुला? मला आठवेनासा झालाय."

मी म्हटलं, आठवतो तर, असं काय विचारतेस. फोन ठेवला आणि आठवून पाहिला. आला नाही.

घरात यांचे तेरा फोटो होते, लग्नापासून शेडमधल्या शेवटच्या दसऱ्यापर्यंत. आवाज एकही नव्हता. आमच्यासारख्यांच्या घरी कोण कशाला आवाज भरून ठेवतं? रोज संध्याकाळी सायकलचं पुढचं चाक उंबऱ्यावर चढवताना हे म्हणायचे, "आलं घर." मला नाही, त्या सायकलला सांगितल्यासारखं. शब्द मला आठवत होते. पण मनात म्हणायला गेले की ते माझ्याच आवाजात यायचे. रात्र रात्र मी त्याच दोन शब्दांशी झटापट करत पडायचे. कपाट उघडावं आणि आतलं सगळं कुणी नेलेलं असावं, तसं झालं होतं.

तेव्हा लतीफ मास्तरांचं एक बोलणं आठवलं. भेटायला आले होते तेव्हा म्हणाले होते, "भाभी, गवई सगळीकडे फिरून षड्जावर परत आला की भिरूडसाहेब हळूच म्हणायचे, आलं घर. ते आलं नाही तर गाणारा मान वळवून बघायचा, की आपलं काही चुकलं का." हे वीस वर्षं दाणींच्या घरच्या प्रत्येक खासगी बैठकीला पुढे बसलेले. आणि त्यांच्या मांडीशेजारी दाणी, रेल्वेच्या टेलिफोन खात्यातले, मांडीवर माइक आणि पुढ्यात भलंमोठं स्पूलचं यंत्र घेऊन. म्हणजे आवाज होता. दाणींच्या ट्रंकेत होता.

दाणींच्या घरी दर मे महिन्यात एकवीस दिवस एक खेळ चालायचा, त्याला ते एकविशी म्हणत. रोज बरोबर बाराला जमायचं. एका डब्यात चिठ्ठ्या असायच्या, प्रत्येक चिठ्ठीवर त्या दिवसाचा विषय. "कुणी शिकवत नाही असा सारंग." "घसा बसलेला असताना गायलेलं." "शिष्याला चोरून शिकावा लागलेला राग." त्या विषयाला जुळेल ते स्पूल दाणी काढायचे, गाणाऱ्याचं नाव सांगायचं नाही, बाकीच्यांनी संध्याकाळपर्यंत राग आणि गळा ओळखायचा. हरेल त्यानं दुसऱ्या दिवशी पन्ह्यासाठी बर्फ आणायचा. आणि ऐकायचा फक्त आलाप. दाणींचं म्हणणं, अनवट रागाची ओळख आलापातच पटते, तबला सुरू झाला की माणसं मात्रा मोजत बसतात. हे ते मुद्दाम लतीफ मास्तरांकडे बघून म्हणायचे. दुपारच्या रागांना म्हणे कुणी वाली नाही. उन्हात बैठकीला कोण येतो? म्हणून त्यांना दुपारीच ऐकलं पाहिजे.

मी येते म्हटल्यावर दाणींना केवढा आनंद झाला. वहिनींना गाण्याची गोडी लागली असं त्यांना वाटलं. मला गाण्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. रोज हरत होते आणि रोज बर्फ आणत होते.

कारण मी गाणं ऐकतच नव्हते. गाण्याच्या मागे ऐकत होते. बाहेर रस्ता मेल्यासारखा पडलेला, वाळ्याच्या पडद्यातून पाणी ठिबकतंय, आणि मी गाणाऱ्याच्या आवाजामागे, जिथं माणसं बसलेली असणार, तिथं कान लावून बसलेली. कुणी बाई खालच्या सुरातून चढत चढत जायची, खूप वेळ कुठेतरी भटकायची आणि अखेर सुरावर येऊन थांबायची. मी श्वास रोखायचे. आता. आता म्हणतील.

काही यायचं नाही. हे नाहीत, पण दुसरंही कुणी नाही. वाहवा नाही, खोकला नाही, कपबशीचा आवाज नाही. थांबलेला सूर संपायचा आणि लगेच पुढचा सुरू व्हायचा. पाच दिवसांत पाच गाणारे ऐकले आणि पाचही रिकाम्या घरात गात होते. सहाव्या दिवशी मला भीती वाटायला लागली. चाळीस माणसं बसलेली असायची, हे मला माहीत होतं, निम्म्यांचा चहा मीच घरून करून पाठवलेला. ती सगळी गेली कुठे?

शेवटी विचारलंच. म्हटलं, "भाऊजी, तुमच्या टेपवर माणसं का नाहीत?"

दाणींचा चेहरा उजळला. "लक्षात आलं का तुमच्या? वर्षभराचं काम आहे ते." आणि मोठ्या अभिमानानं त्यांनी मला दाढीचं ब्लेड, चिकटपट्टी आणि लाकडी खाचेचा ठोकळा दाखवला. स्पूलची फीत हातानं पुढेमागे सरकवायची, दाद कुठे सुरू होते ते कानानं धरायचं, तिरपा काप द्यायचा, तेवढा तुकडा काढायचा आणि दोन टोकं जोडायची. कपबश्या, खोकला, वाहवा, सगळं त्यांनी असं काढून टाकलं होतं. भिरूड गेले, बैठका बंद पडल्या, हाताला काहीतरी हवं होतं. निव्वळ गाणं राहिलं पाहिजे, असं त्यांना वाटलं.

"मूळ टेपा?"

"ह्याच मूळ. नवीन स्पूल मिळतंय कुठे."

मी म्हटलं, "म्हणजे यांना तुम्ही कापून काढलंत."

मी काही ओरडले नाही. पण दाणींच्या हातातलं ब्लेड त्यांनी इतक्या घाईनं खाली ठेवलं की बोट कापलं. त्यांना तोवर तसं वाटलंच नव्हतं. त्यांच्या लेखी ती दाद होती, खरखर होती. बिचारे बोट तोंडात धरून उभे राहिले आणि मला त्यांचा रागही आला आणि दयाही आली. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "टाकलेलं नाही वहिनी. रेल्वेचा माणूस आहे मी, भंगारसुद्धा टाकवत नाही." कापलेले सगळे तुकडे त्यांनी एकापुढे एक जोडून एका स्पूलवर गुंडाळून ठेवले होते. डब्यावर लिहिलं होतं, रद्दी. ते त्यांनी स्वतः कधी लावून ऐकलं नव्हतं.

एकविशीत प्रत्येकाला एकदा स्वतःचा विषय घालता यायचा. बाराव्या दिवशी माझी पाळी होती. मी चिठ्ठीवर लिहिलं, "रद्दी." दाणी म्हणाले, "गाण्याचा विषय हवा, वहिनी." मी म्हटलं, "माझा हाच."

त्या दिवशी कूलर बंद ठेवला. सेहेचाळिसाच्या वर पारा, अंगातून धारा. दाणींनी स्पूल चढवलं आणि बटण दाबलं.

वा, म्हणाला एक माणूस. मग कुणी खाकरलं. मग एक बाई म्हणाल्या, अरे अरे अरे. मग तिघं एकदम, जियो, क्या बात, हं. एक लहान मूल हसलं आणि मध्येच तुटलं. आणि गाणं कुठेच नाही. कशाला वा, कशाला जियो, ते सगळं कापलेलं. नुसती माणसं, एकामागून एक, न थांबता, नसलेल्या गाण्याला माना डोलावतायत. माझ्या हातावर त्या उकाड्यात काटा आला.

लतीफ मास्तर एकेक आवाज ओळखायला लागले. हे कुळकर्णी वकील, गेले. ही पोस्टातली माई, गेली. हा शंकर पानवाला, त्याला जाऊन सात वर्षं झाली. थोड्या वेळानं ते नुसतं नाव घेऊन बोट वर करायला लागले. मग नावही घेईनात, फक्त बोट.

आणि मग ते आलं. "आलं घर."

खालच्या पट्टीतलं, किंचित घोगरं, 'घर'मधला र जेमतेम लागलेला. सायकलचं चाक उंबऱ्यावर चढलं. मी दोन्ही हातांनी गादी धरली. किती सोपं होतं ते, आणि मी महिनाभर कुठे कुठे शोधत होते. पाच-सात आवाजांनंतर पुन्हा आलं. मग पुन्हा. मी रडत होते आणि मला त्याची लाजही वाटत नव्हती. मास्तर खिडकीबाहेर बघत बसले होते, तेवढं त्यांना कळत होतं.

मग स्पूलवर कुणीतरी दबक्या आवाजात म्हणालं, "ती गादी राहू द्या रिकामी, भिरूडची आहे. आता काय, गेला बिचारा."

आणि लगेच, "आलं घर."

तोच घोगरेपणा. तोच अर्धा र.

लतीफ मास्तरांचं वर केलेलं बोट तसंच राहिलं. मी दाणींकडे पाहिलं, तर त्यांनी झडप घालून यंत्र बंद केलं होतं. स्पूल थोडं फिरून थांबलं. बाहेर कावळासुद्धा ओरडत नव्हता. "ही रामनवमीची बैठक," मास्तर म्हणाले. "साहेबांना जाऊन दोन महिने झाले होते." मी ज्या गादीवर बसले होते, तीच ती रिकामी गादी.

दाणींनी स्पूल उतरवून डब्यात ठेवलं. मग म्हणाले, "तो मी आहे, वहिनी."

वीस वर्षं शेजारी बसलो, ते सांगायला लागले. भिरूड गेल्यावरची पहिली बैठक. गाणारा सुरावर आला, सवयीनं मी वाट पाहिली, शेजारी कुणी नाही. आणि माझ्या तोंडून गेलं. मी म्हणालो हे मला त्या वेळी कळलंही नाही, फीत कापायला बसलो तेव्हा कळलं. घाबरलो. म्हणून तर सगळंच कापत सुटलो.

मी विचारलं, "आणि त्याआधीचे? ते तरी यांचे ना?"

त्या माणसाला खोटं बोलता येत नव्हतं. म्हणाले, "बहुतेक. पण छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. आधीही कधी माझ्या तोंडून गेलं असेल तर?"

माझ्या हाती लागलेलं तेही गेलं. मी म्हटलं, आत्ता म्हणा. ते नको नको म्हणत होते, मी सोडलं नाही. त्यांनी डोळे मिटून म्हटलं, "आलं घर." बारीक, किनरा, टेलिफोनवर बोलावं तसा आवाज, दाणींचा स्वतःचा. यांच्या आवाजाच्या जवळपासही नाही. तीनदा म्हणायला लावलं. मग तेच रडवेले झाले आणि मी थांबले.

पुढचे आठ दिवस मी का गेले, मला विचारू नका. वैजूला काय सांगू, हे डोक्यात होतं. गाणं लावलं की मी दाणींच्या तोंडाकडे बघत बसायचे, आणि दाणी ते जाणून हातरुमाल तोंडावर धरून बसायचे. भूत बाहेर पडू नये म्हणून माणूस दाराला कडी घालतो तसे. काहीच आलं नाही. पण बघण्यासारखं तिथं काही नसल्यामुळे असेल, मी नकळत गाणं ऐकायला लागले. तो सूर निघाला की तो कुठून निघाला ते कळायला लागलं. अठराव्या दिवशी एक राग मी ओळखला आणि बर्फ लतीफ मास्तरांना आणावा लागला.

एकविसावा दिवस दाणींचा. चिठ्ठीवर लिहिलं होतं, "न कापलेलं." म्हणाले, एकच स्पूल तसं राहिलंय. संक्रांतीची बैठक, भिरूडांची शेवटची. बुऱ्हाणपूरच्या गेंदाबाई, लंकदहन सारंग. त्याला ब्लेड लावायला हात धजला नाही आणि ऐकायचंही धाडस झालं नाही. "यात मी बोललेलो नाही, एवढं मला पक्कं आठवतंय. जे असेल ते त्यांचंच." आणि वैजूसाठी कॅसेटवर उतरवून द्यायचं म्हणून त्यांनी शेजारी लहान टेपरेकॉर्डर आणून ठेवला.

यंत्र सुरू झालं आणि खोली माणसांनी भरली. पंखा घरघरत होता, वकील खोकले, माझ्या हातच्या चहाच्या कपबश्या वाजल्या. गेंदाबाईंचा आवाज वयानं फाटलेला. त्या निघाल्या ते सरळ उन्हात निघाल्यासारख्या. कुठं सावली नाही. मधूनच एक कोवळा सूर लागायचा आणि वाटायचं, आता थांबतील, पण नाही, पुन्हा वर. मी वाट बघायचं विसरले. मला त्या म्हातारीची काळजी वाटायला लागली, की ही आता परत येते की नाही. किती वेळ तसं गेलं माहीत नाही. आणि मग ती वळली, एकेक पायरी उतरत आली, दमलेली, आणि सुरावर टेकली.

"आलं घर."

खालच्या पट्टीत, घोगरं, र अर्धा.

मी डोळे उघडले. झटकन दाणींकडे पाहिलं. रुमाल त्यांच्या तोंडावर घट्ट होता आणि रुमालाच्या वरून ते माझ्याकडे बघत होते. मास्तरही माझ्याकडेच बघत होते. माझं तोंड उघडं होतं.

दाणींनी उठून स्पूल मागे नेलं आणि तेवढी जागा पुन्हा लावली. म्हातारी उतरली, सुरावर टेकली. मागे पंख्याची घरघर, बाकी काही नाही. टेपवर त्या जागी कुणीच बोललेलं नव्हतं. मग लतीफ मास्तरांना आठवलं. "त्या दिवशी ताप होता त्यांना. शाल पांघरून बसले होते. अख्खी बैठकभर साहेब गप्प."

मला भीती वाटायला हवी होती. नाही वाटली. घशात काहीतरी उबदार होतं, दुसऱ्याचा हात असावा तसं. मी दाणींना म्हटलं, "परत सुरुवातीपासून लावा. आणि माइक माझ्याकडे करून ठेवा."

त्यांनी समजून रुमाल खिशात घातला, लहान टेपरेकॉर्डर सुरू केला आणि माइक ट्रंकेवर, माझ्या खांद्याशी ठेवला.

दिवाळीला वैजू आली तेव्हा मी तिला ती कॅसेट लावून दिली. लंकदहन सारंगात तिला काय कळणार, पाय हलवत बसली होती. ती जागा आली. वैजूनं दोन्ही हात तोंडावर घेतले आणि म्हणाली, "बाबा." मग पुन्हा पुन्हा मागे नेऊन तेवढंच ऐकलं. विचारलं, "हे कधीचं गं?"

मी म्हटलं, "संक्रांतीच्या बैठकीचं." गाणं त्याच दिवसाचं होतं, तेवढं खरं होतं.

दाणी भाऊजी आता नाहीत, मास्तरही नाहीत. कॅसेट नाशिकला वैजूकडे असते. तिच्या मुलानं ती मोबाइलमध्ये उतरवून घेतली आहे आणि दर वर्षी यांच्या तिथीला ते सगळे जेवायच्या आधी ती ऐकतात. मीही ऐकते, हात जोडून, त्यांच्यात बसून. मी गेले की माझा आवाज कुणी जपून ठेवला नाही म्हणून वैजू हळहळेल. तो तिच्याचकडे आहे, हे तिला मी अजून सांगितलेलं नाही.